गावच्या मंडळाची लोकसंगीताची संध्याकाळ : दहाच्या आत, पण पुरती

नागपूर जिल्ह्यातल्या गावांत दिवाळीनंतरच्या मंडईला (म्हणजे गावच्या जत्रेला), कोजागिरीला किंवा हनुमान मंदिराच्या वर्धापनदिनाला मंडळं लोकसंगीताचा कार्यक्रम ठेवतात. दरवर्षी चूक होते आणि ती एकच असते. आधी मंडप ठरतो, मग साउंड, मग पाहुणे, मग पत्रिका छापून येते. गाणारे ठरतात सगळ्यात शेवटी. भाषणं आणि सत्कार आटोपून शाहिराच्या हाती माईक येतो तेव्हा साडेनऊ वाजलेले असतात, बायका-पोरं उठून गेलेली असतात आणि दव पडून डफ ढिला झालेला असतो.

आमच्याही मंडळात एका वर्षी असंच झालं. गण, म्हणजे सुरुवातीचं गणेशवंदन, संपून गवळण सुरू झाली आणि पोलिसांची गाडी आली. बाहेरगावाहून आलेल्या शाहिरांनी तुणतुणं खाली ठेवलं तेव्हा त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. त्यानंतर आम्ही कामांचा क्रम उलटा केला : आधी गाणारे, मग वेळ, मग जागा, मग परवानगी, आणि साउंड त्याच्याही नंतर. पुढचे टप्पे त्याच क्रमानं दिले आहेत. पहिली तयारी दीड महिना आधी सुरू करा.

## १. आधी गाणारे, आणि त्यांची वही

एक वही घ्या आणि गावात फिरा. तुमच्याच गावात काय आहे ते आधी पाहा : खंजिरी भजनाचं मंडळ, जात्यावरच्या ओव्या येणाऱ्या बाया, भुलाबाईची गाणी पाठ असलेल्या आज्या, दंडार (नाच-गाण्याचं लोकनाट्य) करणारी माणसं. बाहेरचा शाहीर त्यानंतर बोलवा. बाहेरचे आधी ठरले की गावच्यांना उरलेली दहा मिनिटं मिळतात, आणि ते पुढच्या वर्षी येत नाहीत.

प्रत्येकाबद्दल वहीत पाच गोष्टी लिहा : गाण्याची पहिली ओळ, कोण म्हणणार, झील (मागून ओळ उचलणारी साथ) कोण धरणार, पट्टी (गाण्याचा मूळ सूर) कोणती, किती मिनिटं. मिनिटं अंदाजानं लिहू नका. घरी बसून गाणं पूर्ण म्हणायला लावा आणि मोबाइलवर वेळ मोजा. "पाच मिनिटांचं आहे" म्हणून सांगितलेलं भजन अकरा मिनिटांचं निघतं, हे मी कितीतरी वेळा पाहिलं आहे. रेकॉर्डिंग करायचं असेल तर आधी विचारा.

सावध : डहाका किंवा जागरण-गोंधळ हे विधी आहेत. ते म्हणणाऱ्याला "वीस मिनिटांचा आयटम द्या" असं म्हणू नका. कार्यक्रमात काय म्हणायचं आणि काय फक्त पूजेतच म्हणायचं, हे त्यांनाच ठरवू द्या. ते नाही म्हणाले तर तिथंच थांबा.

फिल्मी लावणीची फर्माईश येणारच. त्याबद्दलचा निर्णय कार्यक्रमाच्या रात्री नाही, याच टप्प्यावर घ्या आणि सगळ्या पार्ट्यांना, म्हणजे गाणाऱ्यांच्या संचांना, सांगून ठेवा. माझं मत स्पष्ट आहे : ही गाणी वर्षभर लग्नात वाजतात, या एका संध्याकाळी नकोत.

## २. इसार आणि मानधन

बाहेरच्या पार्टीशी बोलताना चार गोष्टी एकदमच ठरवा : किती माणसं येणार, मानधन किती, गाडीभाडं त्यात धरलं की वेगळं, आणि खडी गंमत (शाहिरांचा उभ्यानं होणारा, तमाशासारखा खेळ) किती वेळाची. इसार दिला की कागदावर दोन्हीकडच्या सह्या घ्या. मंडळाच्या जमाखर्चात मानधनाची रक्कम पहिल्या दिवशीच बाजूला काढा. वर्गणी कमी पडली की सगळ्यात आधी कलावंतांच्या पैशाला कात्री लागते, कारण मंडप-सतरंज्या भाड्यानं देणारा बिछायतवाला आणि साउंडवाला दारात उभे असतात आणि शाहीर भिडेपोटी गप्प राहतात. आमच्याकडून हे पूर्वी झालं आहे, म्हणून इतकं ठासून लिहितो.

दुय्यम खडी गंमत ठेवत असाल, म्हणजे कलगी आणि तुरा अशा दोन शाहिरांचा सामना, तर दोघांनाही समोर कोण आहे ते आधी सांगा. तुऱ्याचा शाहीर शिवाची बाजू मांडतो, कलगीचा शक्तीची. सवालाला जवाब द्यायला त्याची तशी तयारी लागते. दोघांचं मानधन सारखं ठेवा. आधी कोण उभा राहणार हे नाणं उडवून ठरवा, सरपंचांना विचारून नको.

## ३. तारीख

पंचांगाच्या आधी शेत पाहा. सोयाबीन काढणीच्या दिवसांत कोणी येत नाही. कुही, मौदा, रामटेककडे धानाची कापणी, काटोल-नरखेडकडे संत्र्याची तोड, कापसाच्या पट्ट्यात वेचणी : प्रत्येक तालुक्याची घाई वेगळी असते. आपल्या गावचा आणि शेजारच्या दोन गावांचा बाजाराचा दिवस टाळा. मंडईच्या दिवसांत तारीख धरायची असेल तर आजूबाजूच्या गावांच्या मंडईच्या तारखा विचारून घ्या, कारण तीच पार्टी तीन गावांनी सांगून ठेवलेली असते.

पौर्णिमेच्या जवळची तारीख मिळाली तर घ्या. उशिरा पायी घरी जाणाऱ्या बायांना चांदण्याचा आधार होतो.

## ४. वेळापत्रक मागून पुढे लिहा

सगळा कार्यक्रम या टप्प्यावर ठरतो, म्हणून इथं घाई करू नका.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. वर्षातल्या ठरावीक दिवशी, जास्तीत जास्त १५, सरकार १२ वाजेपर्यंत सूट देऊ शकतं. तुमची तारीख त्यात आहे असं धरून चालू नका. आणखी एक गैरसमज पक्का बसलेला आहे : "माईक बंद केला की ढोलकी चालते." चालत नाही. उघड्यावर रात्री वाद्य वाजवण्यालाही तोच नियम लागू आहे.

म्हणून कागदाच्या तळाशी १० लिहा आणि वर चढत जा. पंचवीस मिनिटं राखून ठेवा, म्हणजे शेवटचा सूर ९:३५ ला. आमचं वेळापत्रक असं बसलं :

८:१० ते ९:३५ — खडी गंमत
८:०० ते ८:१० — सत्कार
७:३० ते ८:०० — दंडार
७:०५ ते ७:३० — ओव्या आणि भुलाबाईची गाणी
६:३० ते ७:०५ — खंजिरी भजन

बायकांचा कार्यक्रम पहिला ठेवू नका. साडेसहाला चूल पेटलेली असते. गाणाऱ्याही घरात आणि ऐकणाऱ्याही घरात. शेवटीही नको. सात ते साडेसात ही वेळ सगळ्यात बरी.

आता खरी अडचण. खडी गंमत ही पूर्वी रात्रभर चालणारी गोष्ट. ती पंच्याऐंशी मिनिटांत बसवायची तर कापायचं काय? हे मंडळानं ठरवायचं नाही, शाहिरांशी बसून ठरवायचं. आमच्या अनुभवातून तीन गोष्टी सांगतो. गण कधी कापायचा नाही. पार्टीचा जीव तिथंच जमतो, सूर आणि ताल तिथंच बसतात. बतावणी, म्हणजे मधला विनोदी संवाद, अर्धी करायची नाही. ती लोकांच्या हसण्यावर उभी राहते, मधूनच तोडली की नाच्या आणि सोंगाड्या दोघंही उघडे पडतात. दोन बतावण्या असतील तर एक पूर्ण काढा, दुसरी पूर्ण ठेवा. सवाल-जवाबाच्या जोड्या मोजून ठरवा, तीन म्हणजे तीन. असं केलं की गण, गवळण, एक बतावणी, तीन सवाल-जवाब आणि शेवटी एक पोवाडा, एवढं पंच्याऐंशी मिनिटांत दम न लागता होतं.

तपासा : वहीतली मिनिटं बेरीज करून पाहा. दोन कार्यक्रमांच्या मध्ये माणसं बदलायला पाच-पाच मिनिटं जातात, ती धरली का? नसतील तर एक गाणं आताच काढा.

## ५. जागा : मंच नको, मैदान हवं

खडी गंमत जमिनीवर, लोकांच्या मध्ये उभं राहून होते. चार फूट उंच मंचावर चढवली की नाच्याची नजर लोकांच्या डोक्यावरून जाते आणि सोंगाड्याला पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्याची खोडी काढता येत नाही. दंडारीलाही गोल फिरायला मोकळी जागा लागते. निदान वीस बाय वीस फूट जागा चुन्यानं आखून घ्या, वर पाणी शिंपडून धूळ बसवा आणि तिन्ही बाजूंनी लोकांना दरीवर, म्हणजे सतरंजीवर, बसवा. चौथी बाजू झीलकऱ्यांची आणि वाद्यांची.

बिछायत केंद्रावर दऱ्या जास्त सांगा, खुर्च्या कमी. ज्यांना खाली बसता येत नाही त्यांच्यासाठी खुर्च्या लागतात, पण त्या मागे आणि कडेला. पाहुण्यांच्या सोफ्याची रांग पुढे लावली की तिच्यामागचा सगळा गाव आंधळा होतो. यावरून वाद होईल; पाहुण्यांना आधीच सांगा की तुमची बसायची जागा उजव्या कडेला आहे. बहुतेक जण समजून घेतात.

थंडीत उत्तरेकडून वारा येतो. त्या बाजूला कनात बांधा. गाणाऱ्यांच्या डोक्यावर एक कापड असावं, दवासाठी. बाकी आकाश उघडं राहू द्या, खर्चही वाचतो.

शाळेचं पटांगण सगळ्यांना सोयीचं वाटतं. ते किंवा दवाखान्याजवळची जागा जाहीर शांतता क्षेत्रात येते का, हे पोलीस ठाण्यात विचारूनच पक्कं करा.

## ६. परवानग्या आणि वीज

तीन कागद लागतात : ग्रामपंचायतीचं जागेसाठी ना-हरकत पत्र, पोलीस ठाण्याची लाउडस्पीकरची लेखी परवानगी आणि महावितरणचं तात्पुरतं वीज कनेक्शन. याच क्रमानं जा, कारण ठाण्यात जागेचं पत्र मागतात. पंधरा दिवस आधी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ दोन्ही लिहा. परवानगीची प्रत मैदानात एका माणसाच्या खिशात हवी, अध्यक्षांच्या घरच्या कपाटात नको.

सावध : तारेवर आकडा टाकू नका. तो गुन्हा आहे आणि ओल्या मैदानात, मुलं अनवाणी फिरत असताना, जिवाशी खेळ आहे. जनरेटर घेत असाल तर शंभरेक फूट दूर, वारा मैदानावरून जिकडे जातो त्या बाजूला ठेवा. नाहीतर त्याची घरघर प्रत्येक ओवीत मिसळते.

## ७. साउंड : कमी आणि जवळ

साउंडवाल्याला बहुतेक वेळा लग्नाची आणि डीजेची सवय असते. त्याला आधीच बोलावून सांगा की इथं शब्द ऐकू यायला हवेत. दोन मोठ्या भिंतींपेक्षा चार लहान स्पीकर मैदानाच्या चार बाजूंना, कमी आवाजात. स्पीकर माईकच्या पुढे असले पाहिजेत, मागे आले की शिट्टी सुरू.

इको पूर्ण बंद. ही एक सूचना लेखी द्या. शाहिरी शब्दांवर चालते. इको लावला की सवालाचा शेवटचा शब्द जवाबाच्या पहिल्या शब्दावर आदळतो आणि दोन्ही जातात.

आठ-दहा जणांच्या पार्टीला चार माईक पुरतात : शाहिरांना एक, झीलकऱ्यांत एक, ढोलकीला एक, तुणतुण्याला एक. तुणतुण्याचा माईक विसरतात. तो आवाज बारीक, पण शाहीर त्याच्यावरच सूर धरून असतो. खंजिरीला माईक जवळ देऊ नका. तिच्या झांजा कानात घुसतात, दोन-तीन फूट अंतर ठेवा. नाचणाऱ्याला लांब तारेचा माईक दिला की पायात येतो; बिनतारी मिळत असेल तर एवढ्यासाठीच घ्या आणि नवे सेल घाला.

ओव्यांसाठी खरं जातं मांडा आणि त्यात मूठ-मूठ ज्वारी घालून दळू द्या. नुसतं समोर ठेवून गायला लावलं की बायांची लय सुटते आणि पुढची ओळही आठवत नाही, कारण ती ओळ हाताच्या फेऱ्याबरोबर येते. जात्याखाली घोंगडी दुमडून घाला, नाहीतर घरघर जमिनीतून माईकच्या दांड्यात चढते. माईक तोंडाच्या उंचीवर, जात्याच्या वर नाही. बायांना माईकची भीती असेल तर तो आदल्या दिवशी त्यांच्या हातात देऊन बोलू द्या.

## ८. वाद्यं आणि पट्टी

सगळ्यांची पट्टी एक नसते. बायका काळी चार-पाचच्या (पेटीच्या चौथ्या-पाचव्या काळ्या पट्टीच्या) आसपास गातात, भजन मंडळातले पुरुष काळी एक-दोनला, शाहीर त्याहून उंच. एका पट्टीला चढवलेली ढोलकी दुसऱ्या पट्टीला भराभर उतरत नाही. उतरवली तरी बसायला वेळ घेते. म्हणून भजनाची ढोलकी वेगळी, गंमतीची वेगळी. पेटीचे सूर पक्के असतात, तेव्हा तुणतुणं पेटीला मिळवा. उलटं करायला जाऊ नका.

हे मिळवण्याचं काम कनातीमागे, माईक बंद ठेवून, आपल्या कार्यक्रमाच्या वीस मिनिटं आधी. लोकांसमोर दहा मिनिटं टुंग-टुंग चाललं की मैदान उठतं.

हिवाळ्यात सात-साडेसातनंतर दव धरतं आणि कातडं सैल होतं. डफ आणि कातड्याची खंजिरी शेकावी लागते. त्यासाठी गोवऱ्यांचा विस्तव करा, ज्वाळ नको. वाद्य वीतभर अंतरावर धरून फिरवत राहा, मधूनमधून अंगठ्यानं वाजवून पाहा. आवाज खणखणीत झाला की लगेच बाजूला. ढोलकीची शाईची बाजू विस्तवाजवळ नेऊ नका, शाई तडकते; ढोलकी कापडात गुंडाळून ठेवणं हाच उपाय. शेकोटी कनातीपासून आणि दऱ्यांपासून निदान तीस फूट दूर, शेजारी पाण्याची बादली आणि जबाबदार मोठा माणूस. हे काम पोट्ट्यांवर सोपवू नका.

## ९. तालीम

चार दिवस आधी, त्याच मैदानात, त्याच वेळेला, माईकशिवाय एक तालीम घ्या. गाणं तर कलावंतांना येतंच. तालमीत पाहायचं असतं ते येणं-जाणं : भजनवाले उठून कुठून जाणार, जातं कोण उचलून आणणार, दंडारीची माणसं कुठं थांबणार. जातं उचलायला दोन माणसं लागतात, ती नावानिशी ठरवा.

तपासा : शेवटच्या दरीवर एका म्हाताऱ्या माणसाला बसवा आणि एक ओवी झाल्यावर शब्द काय होते ते विचारा. माईकशिवाय अर्धे शब्द पोचले तर माईक लागल्यावर सगळे पोचतील. काहीच पोचत नसेल तर मैदान फार मोठं आखलं आहे, लोकांना जवळ घ्या.

## १०. प्रत्यक्ष संध्याकाळ

आदल्या दिवशी कोतवालाकडून किंवा ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून दवंडी द्या आणि तीत संपण्याची वेळ सांगा. "नऊ पस्तीसला संपेल" हे ऐकलं की लोक वेळेवर निघतात. पत्रिकेवर नुसतं "सायंकाळी" छापलं तर गाव आठला येतो.

सहा वाजता भजन मंडळानं हनुमान मंदिरापासून खंजिरी वाजवत मैदानापर्यंत चालत यावं. घराघरातून पोरं मागे लागतात, पोरांमागे आया येतात. याहून चांगली जाहिरात मला ठाऊक नाही. मैदानात पोचल्यावर न थांबता पहिलं भजन सुरू करायचं. दीपप्रज्वलन तेवढ्यात कडेला होऊन जातं.

निवेदकाला प्रत्येक वेळी एक मिनिट. कोण गाणार, कुठल्या गावचे, आणि ऐकताना कशाकडे लक्ष द्यायचं, एवढंच. झाडीपट्टीपासून लोककलेचा इतिहास सांगायला लागला की त्याला हात दाखवायला एक माणूस समोर बसवा.

सत्कार दहा मिनिटांत आणि फक्त गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा. शाल-श्रीफळ आधीच ताटात, नावांची यादी हातात. पाहुण्यांनी शाल द्यावी, घ्यायची नाही. भाषण एकाचं, तीन मिनिटं.

गंमत रंगली की लोक बक्षिसं देतात, आणि दहा रुपयांच्या नोटेसाठीही नाव पुकारावं लागतं. गाणं मधूनच थांबतं, सूर पडतो. एक माणूस ताट घेऊन फिरू द्या, नावं चिठ्ठीवर लिहा आणि गाणं संपल्यावर एकदम वाचा. बक्षिसाचे पैसे पूर्ण पार्टीचे, मंडळानं त्यात हात घालायचा नाही.

घड्याळ पाहणारा एकच माणूस नेमा आणि शाहिरांना तो कुठं बसला आहे ते दाखवून ठेवा. ९:२० ला त्यानं बॅटरी दोनदा लावायची. त्यावर पोवाडा सुरू. वेळ कमी उरला असेल तर तिसरी सवाल-जवाबाची जोडी सोडायची, हे आधीच ठरलेलं असावं.

गाण्याआधी कलावंतांना झणझणीत तर्री वाढू नका. चहा, कोमट पाणी, फार तर मूठभर फुटाणे आणि गूळ. जेवण नंतर : भाकरी, झुणका, वांग्याची भाजी, भात. पंगतीत त्यांना पहिलं बसवा. त्यांची वाद्यं ठेवायला कुलपाची खोली आणि कपडे बदलायला आडोसा, बायांना वेगळा, हे दुपारीच दाखवून द्या.

## ११. त्याच रात्री आणि दुसऱ्या सकाळी

मानधनाचं पाकीट जेवणाआधी हातात द्या, मोजून, सही घेऊन. "सकाळी फोनवर पाठवतो" असं म्हणू नका. गाडीवाला जागा आहे आणि प्यालेला नाही, हे स्वतः जाऊन पाहा. पार्टीची माणसं आणि वाद्यं चढल्यावरच मैदान सोडा.

सकाळी वही पुन्हा उघडा आणि प्रत्येक कार्यक्रमासमोर खरी लागलेली मिनिटं लिहा. कुठं लोक उठले, कुठला माईक कमी पडला, कोणत्या आजीला आणखी ओव्या येतात हे त्या रात्री कळलं, तेही लिहा. दऱ्या मोजून बिछायतवाल्याला, चुना आणि गोवऱ्यांची राख झाडून मैदान ग्रामपंचायतीला. जातं ज्या घरून आणलं त्या घरी, पाळ्यांच्या मधलं पीठ पुसून, आणि त्यात दळलेली ज्वारीही त्याच घरी.